चुक्याच्या वाफ्यावर गाड्या

आत्या,

आज रविवार. पाहुण्यांची शेवटची गाडी मघाशीच फाटकाबाहेर गेली. मी ओटीवर बसले, उठले, विहिरीपर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. चूल निवली, पत्रावळ्या उकिरड्यावर गेल्या, तरी जीव काही जागेवर येत नाही. ह्यांनी दोनदा विचारलं, "अगं, काही हरवलंय का तुझं?" काय सांगणार? म्हणून कॅलेंडरचं जुनं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूला तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्ही होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे जरा मोकळेपणाने लिहिता येतंय.

मी अंबरनाथहून तुमची सून होऊन या घरात आले तेव्हा भाजी म्हणजे दारावरच्या गाडीवाल्याकडून घ्यायची वस्तू, एवढंच मला ठाऊक होतं. वडील कारखान्यात, घर दोन खोल्यांचं, माती फक्त तुळशीच्या कुंडीतली. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला ओढ्याकडच्या वाफ्यावर नेलंत. मी पालक समजून चुका खुडला, तर तुम्ही माझ्या तोंडात एक पान कोंबलंत. "आंबाट लागला? मंग चुका तो. डोल्यानी नाय, जिभंनी वलख." दुसऱ्या दिवशी मी पालकाची रोपं मुळासकट उपटून मोठ्या कौतुकाने जुड्या बांधल्या. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत. एक जुडी उचललीत, मुळांची माती माझ्या पायांवर झटकलीत आणि म्हणालात, "फुडच्या आठवड्याला काय, माती इकायची?" त्या दिवशी मी गोठ्याआड जाऊन रडले. आणि बुडाशी चार बोटं सोडून कापायला शिकले, ते आजपर्यंत.

मग उल्हासनगरचा बाजार. पालक, चुका, शेपू तुम्ही एकाच जुडीत बांधायचात, कारण सिंधी बायांना साईभाजीला तिन्ही लागायचे. बाकीचे भाजीवाले तुम्हाला हसायचे आणि त्यांच्या आधी तुमची पाटी रिकामी व्हायची. "अम्मा, खट्टा पालक?" असं कोणी लांबून विचारलं, की तुम्ही ऐटीत म्हणायचात, "हाय ना! सुबेच काट्या." तुमचं ते हिंदी ऐकून मी पदरात तोंड लपवायचे, तुम्ही कोपराने ढोसायचात. ती ढुसणी अजून बरगडीत आहे.

आता घरात काय चाललंय ते ऐका. शेत अजून एकत्र आहे, चूलही एकच. हे, भावजी, जाऊबाई, माझा लेक आणि त्याची बायको, भावजींचा लेक, नातवंडं, सगळे एका पंगतीला बसतो. पण खुरपायला माणूस मिळत नाही. गावातली पोरं कंपन्यांत जातात. माझा लेकही पाळीवर जातो आणि सुट्टी असेल तेवढंच पाणी धरतो. म्हणून पुतण्याने आणि माझ्या सुनेने डोकं चालवलं, रविवारी शहरातली माणसं शेत बघायला बोलवायची. झाडाला झोका, बैलगाडीची फेरी, चुलीवरचं जेवण. आणि चुलीपुढे मी, नऊवारी नेसून. आयुष्यभर मी पाचवारी नेसले, आत्या. सुनेने मोबाइलवर बघून मला ते लुगडं नेसवलं. भावजींना हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. "शेत कसायचं असतं, दाखवायचं नसतं," म्हणाले. तरी अडवलं नाही. पण ते एका लग्नाला कर्जतला गेले असताना पुतण्याने गाड्या लावायला ओढ्याकडचा वाफा सपाट करून त्यावर खडी टाकली. तुमचा चुक्याचा वाफा.

भावजी परत आले, तिथे उभे राहिले. "आयचा वाफा व्हता," एवढंच बोलले. त्या दिवसापासून बापलेकाचं बोलणं बंद. भावजींचं ताट जाऊबाई विहिरीवर नेऊन द्यायच्या. मागच्या आठवड्यात भावजींनी ह्यांना सांगितलं, "दादा, माझा वाटा वेगळा काढा." ह्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी सगळे दचकायचे.

आज उल्हासनगरहून एक सिंधी आजीबाई आल्या होत्या, लेक, सून, नातवंडं घेऊन. सगळं कुटुंब झोक्याचे फोटो काढत होतं, त्या मात्र काठी टेकत माझ्याकडे आल्या. "खट्टा पालक नहीं लगाते क्या आप लोग?" मी गडबडले. खडीवरच्या गाड्यांकडे बोट कसं दाखवणार? तेवढ्यात मागून आवाज आला, "लगाते हैं ना, इधर आओ." भावजी! हातात विळा. त्यांनी कोणाला न सांगता विहिरीच्या पलीकडे चुका लावला होता. आम्हाला वाटायचं, रागाने जाऊन बसतात तिकडे.

आजीबाई त्यांच्यामागे गेल्या, त्यांच्यामागे नातवंडं, मग बाकीचे पाहुणे. बैलगाडी रिकामी उभी. मीही पिठाच्या हातांनी धावले. एका अर्ध्या चड्डीतल्या गृहस्थाने रोप मुळासकट उपटलं, तर भावजी त्याच्यावर डाफरले, "ओ शेठ! अगले हफ्ते क्या मिट्टी खायेंगे?" अगदी तुमचा सूर. मला वाटलं, झालं, आता पाहुणा चिडणार. तर तो खाली बसला आणि म्हणाला, "सॉरी काका, दिखाओ कैसे काटते हैं." भावजींनी त्याचा हात धरून दाखवलं. आजीबाईंनी एक पान तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि आपल्या सुनेला सिंधीत काहीतरी भराभर सांगत सुटल्या.

पुतण्या बांधावर उभा होता. भावजी त्याच्याकडे न बघता म्हणाले, "गाड्या फुडच्या खेपंला रस्त्यालाच लावायला सांग. खडी उचल ती." पुतण्या म्हणाला, "उद्याच उचलतो, आबा." दुपारी भावजी पंगतीत येऊन बसले. जाऊबाईंनी पाट सरकवला.

मग मला स्वस्थ का वाटत नाही? वाट्याचा विषय निघाला नाही, पण मिटला असंही कोणी म्हणालेलं नाही. एक मुलगी भावजींच्या त्या ओरडण्याचा व्हिडिओ काढत होती, तेही मनात टोचतंय. पुढच्या रविवारी पाहुण्यांना हवं म्हणून ते ओरडायला लागतील का? मघापासून हेच घोळवतेय. पण खरं कारण ते नाही.

सकाळी चुलीपुढे माझी तांदळाची भाकरी टम्म फुगली आणि समोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाली, "काय सुंदर भाकरी केलीत हो!" इतक्या वर्षांत या घरात माझ्या भाकरीला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. ह्यांनी नाही, पोरांनी नाही. तुम्हीसुद्धा नाही. त्यानंतर मी आणखी तीन भाकऱ्या थापल्या, त्यांची कोणाला गरज नव्हती. घरात सगळ्यांसमोर मी त्या लुगड्याच्या नावाने बोटं मोडते. पण आत्ता ते झटकून, निऱ्या नीट जुळवून, घडी घालून पुढच्या रविवारसाठी ठेवलंय.