गप्पी मासे आणि मोडलेली स्थळं

३ जून, मंगळवार

बोटावरची गाठ माझ्या माशांमुळे! दोन महिने मी मलम चोपडत होते. जालन्याच्या स्किनच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि आज विचारलं — माशांची टाकी आहे का? आहे ना! माझ्या झेरॉक्सच्या दुकानात, सोळा गप्पी. टाकी घासताना काच लागली होती, तिथून जंतू शिरला म्हणे. अँटिबायोटिकच्या दोन प्रकारच्या गोळ्या, चार महिने. गाठ गेली तरी मध्येच सोडायच्या नाहीत. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. टाकी धुताना हातमोजे.

४ जून

लघवी केशरी!! डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं.

१० जून

गिरिजा आत्याने गोळ्यांचं पाकीट वाचलं. "अगं बाई, ह्या तर टीबीच्या गोळ्या! माझ्या जाऊबाईला ह्याच होत्या." मी समजावलं — हा जंतू टीबीच्या जंतूचा भाऊबंद, पण टीबी नव्हे. "मासे कुठं टीबी देतेत का?" म्हणाली आणि पदर खोचून निघाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या केदारखेड्याला कळलं.

१५ जून, रविवार

धावड्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. सकाळी फोन — "घरी जरा अडचण निघाली." आई रडली. मी तोंड पाडून बसले. मग दुकानात जाऊन एकटीच हसले! त्या मुलाची एकच अट होती, लग्नानंतर दुकान बंद. चार वर्षं राबून उभं केलंय मी ते.

२४ जून

आरोग्य केंद्राच्या आशाताई दारात, हातात थुंकी तपासायची डबी. त्यांना बोट दाखवलं, डॉक्टरांचा कागद दाखवला. लगेच समजल्या. "मंग गावाला सांगू का, टीबी न्हाई म्हणून?"

"एवढ्यात नको ताई."

त्या पण हसल्या.

८ जुलै

दुसरं स्थळ गळालं. तेही दुकान बंद करा म्हणणारे. अण्णा म्हणाले, "पोरी, कागद दे इकडं, एकेकाला दाखवून येतो." मी कागद पिठाच्या डब्याखाली सारला. अण्णा हल्ली पारावर जात नाहीत. वाईट वाटलं. थोडंसंच. गाठ मात्र बसत चालली.

२० जुलै, रविवार

सगळं ऐकूनही एक जण आला! राजानंद, अंकुशनगरचा, साखर कारखान्यात नोकरीला. दुकान बघायचंय म्हणाला. टाकीपाशी उभा राहून मासे मोजले, पंधरा भरले, पुन्हा मोजले तेव्हा सोळा. "दुकान चालूच ठेवा, बिलकुल बंद करू नका." आवडला. लिहूनच टाकते — आवडला मला.

२१ जुलै

राजानंदचा फोन. "मला झाल्ता टीबी, तीन वर्षांमागं. पूर्ण बरा झालो. पण चार घरांत खरं सांगितलं तर चहाचा कपसुद्धा परत घेतला. तुमचं कळलं, मंग वाटलं, इथं तरी आपल्याला माणसात धरतील."

मला टीबी नाही, हे आता त्याला सांगायचंय. दीड महिना मी याच गोष्टीवर हसत होते.