माळ काढून ठेवणार नाही

१० जुलै, आषाढी पौर्णिमा
वर्षावास सुरू, पावसाचे तीन महिने. विहारातलं ग्रंथवाचन यंदाही माझ्याकडेच. आमचे सचिव रामटेके माइकवर म्हणे, "सुनंदाताईसारखा आवाज अख्ख्या सक्करदऱ्यात नाही." बायांनी टाळ्या वाजवल्या. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर. आधी तेच वाचत. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा ग्रंथ माझ्या हाती दिला. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "घाई नको करत जाऊ वं. म्हाताऱ्या मागं पडतात." म्हणजे आवडलं. मी ओळखते त्यायले.

१५ जुलै
पहाटे पाटावर बसली. मंत्र आज अडखळला नाही. शंभर अक्षरं, जीभ वळता वळत नव्हती सुरुवातीले. मागच्या थंडीत डोल्मानं शिकवला. दर हिवाळ्यात येते ती, तिबेटी लोकांच्या स्वेटरबाजारात दुकान लावते, भुवया करायला माझ्याच पार्लरमध्ये. ती नसती भेटली तं माझं काय झालं असतं कोण जाणे. नवऱ्यानं, दिलीपनं, कन्हानले दुसरा संसार थाटला तेव्हापासून नुसता संताप. गिऱ्हाइकांवर ओरडायची. एकीची भुवई रागात अर्धी उडवली होती! आता दोरा दातात धरला की मनात मंत्र चालू. भुवई नीट उतरते. रात्री झोप येते. मले एवढं पुरे आहे.

बाबाले अजून सांगितलं नाही. पाहू.

२४ जुलै
झालं! पान उलटताना जपाची माळ बाहीतून घसरून मनगटावर आली. सकाळी गुंडाळली होती, काढायची राहून गेली. पुढं गजभियेआजी बसलेली. माइकपेक्षा मोठा आवाज तिचा. "अवं माय, सुनंदानं तुळशीची माळ घातली!"

सगळ्या माना माझ्या मनगटाकडं वळल्या.

"आजी, तुळस नाही वं, बोधीच्या बिया आहेत." पण कोण ऐकते! मागं कुजबुज सुरू. तरी वाचन पुरं केलं, एक ओळ सोडली नाही. निघताना रामटेकेले जयभीम केला तं त्यानं पाहिलंच नाही.

२५ जुलै
व्हायचं तेच झालं. जेवायले बसताना बाबांनी विचारलं.

"काय म्हणते तू त्या माळेवर?"

सगळं सांगितलं. वज्रसत्त्वाचा मंत्र आहे, मन साफ करायचा.

"कोण हा वज्रसत्त्व? देवच ना?"

"देव नाही बाबा. आपलंच साफ मन. मनाची शुद्धी होते त्यानं."

शुद्धी म्हटलं अन् भडकलेच. "शुद्धी? आपली सावली पडली तं लोकं आंघोळ करत. आपल्याले अशुद्ध म्हणणाऱ्यायचा शब्द तू माझ्या घरात आणते? अन् संस्कृत! पाली कमी पडली काय तुले?"

"पाली तरी गजभियेआजीले कुठं समजते?" म्हटलं तं म्हटलं.

मग टोपलीची गोष्ट. लहानपणापासून ऐकत आली. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आल्यावर माझ्या आजीनं सगळे देव टोपलीत भरले अन् कन्हान नदीत सोडले. बाबा तिच्या कडेवर. "त्या टोपलीत माळ बी होती, सुनंदा." हे आजपर्यंत कधी सांगितलं नव्हतं.

मले रडू आलं, पण म्हटलंच. "आजीनं तिच्या मनानं सोडली. मी माझ्या मनानं धरली. मी कोणाच्या पाया पडत नाही, कोणाले काही मागत नाही."

ताट तसंच ठेवून उठले. भाजी त्यांच्या आवडीची होती, भरल्या वांग्याची.

३ ऑगस्ट
पुराणिक वहिनी फेशियलले. आरशाजवळ माळ टांगलेली दिसली. "बरं झालं हो सुनंदा, जप करायला लागलीस. शेवटी माणूस आपल्या मुळाकडे येतोच."

घ्या! आता हे.

मी आधी चेहऱ्यावर पॅक लावला, म्हणजे बाईले उत्तर देता येणार नाही. मग सावकाश सांगितलं, "वहिनी, ही बुद्धाची माळ आहे. तुमच्याकडे यायले निघाली नाही मी. तोंड हलवू नका, पॅकला तडे जातात."

आपले म्हणतात तिकडं गेली. तिकडचे म्हणतात आली. मी तं माझ्या पाटावरून हललीसुद्धा नाही.

१० ऑगस्ट
समितीची बैठक. मले मधोमध बसवलं, चोर पकडल्यासारखं. रामटेके म्हणे, माळ विहारात आणायची नाही अन् जप बंद केला असं सगळ्यांसमोर सांगायचं. मग वाचन चालू ठेवा.

"काहून बंद करू?"

"ताई, आज माळ, उद्या गंडा, परवा सत्यनारायण. बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण?"

"घेतल्या अन् पाळते. भाऊ, तुमच्या गाडीले लिंबू-मिरची लटकून राहिली ती कोणत्या प्रतिज्ञेत बसते?"

बाया खी खी करून हसल्या. तो लालबुंद. म्हणे, पोरानं बांधली. असंन बा!

मग हात वर करा म्हणाले. वाचन आता रामटेकेच्या सुनेकडे.

बाबांनीही हात वर केला. माझ्याविरुद्ध.

११ ऑगस्ट
मन साफ करायले बसली अन् मनात रामटेकेले शिव्या. मंत्र, शिवी, मंत्र, शिवी. असल्या-असल्या शिव्या आठवल्या की डोल्मा ऐकती तं पळून गेली असती. मग शिव्याही संपल्या. बाबांचा हात दिसत राहिला. खूप रडली. तरी मंत्र पुरा केला, नाक पुसत पुसत. सोडणार नाही म्हणजे नाही.

२८ ऑगस्ट
वाचनाची वेळ झाली की जीव कासावीस होतो. पार्लरमध्ये उगाच मोठ्यानं पेपर वाचते. गिऱ्हाइकं हसतात.

डोल्माचा फोन. सगळं सांगितलं. ती म्हणे, "दीदी, रोज नहाती हो ना? तो क्या गंदी पैदा हुई थी?"

हे मले शुद्धीवरून भांडण झालं त्या दिवशी काहून नाही सुचलं! चहा देताना बाबाले ऐकवलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आंघोळीले माळ लागत नाही." डोळ्यांनी धड दिसत नाही, पेपर कशाले धरला होता? पण बोलले तरी.

७ सप्टेंबर, भाद्रपद पौर्णिमा
विहारात गेली. पहिल्या रांगेत बसली, माळ हातात, सगळ्यांना दिसेल अशी. कोणी उठवून तं दाखवा म्हटलं मनात. कोणी उठवलं नाही. बाजूची जागा मात्र रिकामी राहिली.

रामटेकेची सून वाचते जशी गाडी सुटून राहिली. गजभियेआजी विचारे, "काय म्हणाली वं? काय म्हणाली?" बाबांच्या कपाळावर आठ्या. मले बरं वाटलं, खोटं कशाले बोलू. माझं मन अजून काही साफ झालेलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
दरवर्षी दीक्षाभूमीवर बाबाले मी नेते. यंदा सकाळीच तयार होऊन रामटेकेच्या गाडीत बसून गेले. टोपी मी धुऊन ठेवली होती, तेवढी घातली.

मी एकटीच पायी निघाली. काय गर्दी, काय गर्दी! रांगेत त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, मग मनात मंत्र म्हटला. सगळं माझ्याच एका तोंडात मावलं. कशाले कशाचा धक्का लागला नाही.

७ ऑक्टोबर, आश्विन पौर्णिमा
वर्षावासाचा समारोप. दुपारी बाबा पार्लरच्या दारात येऊन उभे. गिऱ्हाईक होतं तरी आत आले, असं कधी करत नाहीत. "शेवटचं वाचन तू कर. मी रामटेकेले बोललो. माळ फक्त पर्समध्ये ठेवजो. पर्समध्ये काय आहे ते कोण पाहते?"

मले एवढं वाचावंसं वाटलं, एवढं वाटलं की हातातला दोरा तुटला. ते शेवटलं पान मले पाठ आहे. अन् बाबा स्वतः सांगायले आले होते.

"नाही बाबा. लपवून नाही वाचणार."

"हट्टी आहेस."

"आहोच मी."

विहारात गेली, माळ हातातच. सुनेनं वाचलं. खीर वाटली, मीही वाढायले उभी राहिली. दोघी जणी माझी पळी टाळून पुढं गेल्या. गजभियेआजीनं वाटी पुढं केली, परत आली अन् दुसऱ्यांदा घेतली.

घरी आल्यावर बाबांनी टोपी काढून हातात धरली. मग म्हणाले, "शेवटलं पान वाचलं तिनं, मले एक शब्द लागला नाही."

मी पाणी आणून दिलं.

"उद्या पहाटे माझ्या खोलीत बसजो. ते जे काय म्हणते, मोठ्यानं म्हण. घाई नको. शब्द न शब्द ऐकू दे मले."

"अन् नाही पटलं तं?"

"तं मी नाही म्हणीन. आजपर्यंत न ऐकता म्हणत होतो."

"मी तरी सोडणार नाही."

"ते माहीत आहे मले."

त्यांच्या पलंगासमोर पाट नेऊन ठेवला आहे. पाटावर माळ. त्यांनी विचारलं, अशी उघड्यावर कशाले ठेवली? म्हटलं, राहू द्या तिथंच.