मिटणारा चाकू

कळंब, मे १९९४, रविवार

डोकं फिरलंय नुसतं. उद्या माझं लग्न. नवरदेवानं टोकाला लिंबू लावून हातात धरायचा म्हणून बारामती पालथी घालून शिंपल्याच्या मुठीचा देखणा चाकू आणला. मिटला की कोटाच्या खिशात मावतो. तर चुलते, आमचे तात्या, म्हणाले, "मिटणारा? संसार मिटवायचा हाय व्हय? घरातली कट्यारच धरायची!"

ती कट्यार गंजून म्यानात अडकलेली. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात तात्यांनी माझ्याच चाकूनं ती उचकटायला घेतली. पातं मोडलं! शिंपल्याची मूठ तेवढी राहिली. आता लिंबू काय मुठीला लावू? वर मलाच ऐकवतात, "बघ, असला चाकू टिकत न्हाय."

कट्यार अजून म्यानातच आहे.