गाजरगवत समजून

निघोजे

प्रिय स्वप्नाली,

शाळा सुरू होताना तू आरोहीला घेऊन तळेगावला भावाकडे गेलीस, आता पाऊस संपत आला. फोनवर मला नीट बोलता येत नाही. तीस वर्षं कंपनीत प्रेस मशीनशेजारी गेली; ऐकू कमी येतं आणि आवाज उगाच चढतो. म्हणून लिहितोय. बोटं दुखतात, अक्षर सांभाळून घे.

गणपती बसायच्या आधीच्या रविवारी तुझा भाऊ येऊन गेला. त्याचं सगळं ऐकलं आणि उत्तर न देताच मी उठून मागच्या परसात गेलो. बिचारा अर्धा तास बसून परत गेला. त्याला सांग, राग नव्हता.

तू गेल्यापासून परसात कुणी पाऊल टाकलं नव्हतं. गुडघ्याएवढं रान माजलेलं. हाताला येईल ते उपटत सुटलो. आपली जमीन कारखान्यात गेली तेव्हा मी पंचविशीचा. बोल्ट नुसता बघून साइज सांगेन, पण तण कुठलं आणि रोप कुठलं हे पार विसरलो. इतक्यात मागून तुझ्या सासूबाई ओरडल्या, "अहो, ती शेवंती हाय! गाजरगवत न्हाई ते!" तोवर तू लावलेली सगळी शेवंती माझ्या मुठीत होती. पानं सारखीच दिसली गं मला.

आपला सार्थक अपघातात गेला, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या एवढ्या मोठ्यानं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. तिथंच चिखलात बसल्या आणि एकेक रोप परत खोचलं. चार जगली, बाकीची गेली.

आता दुपारचा चहा झाला की आम्ही दोघं परसात बसतो. उपटायच्या आधी त्या नाव सांगतात. निळ्या फुलाचा केना, पायजम्याला चिकटतो तो आघाडा, गुलाबी तुऱ्यांचा कुर्डू. एक बारीक जांभळं फूल मात्र त्यांनाही ओळखू येईना. शेवटी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. कुणाचं काय खातंय?" परवा केन्याची भजी केली. सवयीनं दोन आरोहीसाठी वाटीत काढली. संध्याकाळपर्यंत ती वाटी ओट्यावर तशीच होती. दोघांनीही हात लावला नाही.

काल खुरपता खुरपता त्याच म्हणाल्या, "पोरगी एकतीस वर्साची हाय. आपल्यापायी किती दिस बसवायची तिला?" खरं सांगतो, तू दुसऱ्या घरी गेलीस की सार्थकचं उरलंसुरलंही घरातून जाईल, अशी भीती वाटत होती. त्या रविवारी तिच्यापायीच उठून परसात गेलो.

तर तुझ्या भावाला द्यायचं राहिलेलं उत्तर हे. तुला मागणी घातलेल्या त्या मास्तरांना होकार कळव. आमच्या परवानगीची गरज नसताना तुम्ही विचारलंत, ते विसरणार नाही. तुझे वडील नाहीत. चालणार असेल तर लग्नात तुझा हात त्यांच्या हाती मी देईन. सासूबाई येतील असं खात्रीनं सांगता येत नाही, त्यांना आग्रह करू नकोस. आरोहीला दिवाळीच्या सुट्टीत पाठव. आणि ती मास्तरांना बाबा म्हणायला लागली, तर आमच्यासाठी तिला अडवू नकोस.

तुझाच,
आप्पा