कॅम्पामागचा वाफा

सहम,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय सुगंधा,

मी बरा आहे, तू तब्येत सांभाळ. फोनवर तू बोलत नाहीस, मलाही सुचत नाही, म्हणून लिहितोय. शेजारच्या खोलीतला केयूर रजेवर निघालाय, तो आणून देईल. त्याला चहा पाज, गुणी आहे.

थंडी पडायला लागली. मेसमध्ये अजून तीच डाळ. कॅम्पामागच्या वाफ्यांत सगळ्यांनी मेथी, मुळा पेरलाय. माझ्या वाफ्यात उन्हाळ्यातली भेंडीच आहे, जून झालेली.

या वाफ्यांचं तुला कधी सांगितलं नाही. मागे नुसता उकिरडा होता. वीसेक वर्षांपूर्वी एका केरळी फोरमनने ती जागा अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे मागितली, कामगारांना ताजी भाजी मिळेल म्हणून. अर्बाब म्हणाला, "यल्ला, घ्या." आंघोळीचं पाणी तिकडे वळवलं, माणशी एक वाफा वाटला. कायमचं घरी जाणाऱ्याने आपला वाफा दुसऱ्याला द्यायचा. आणि ज्याच्या घरचं माणूस जाईल त्याच्या वाफ्याला बाकीच्यांनी पाणी घालायचं, तो स्वतः झारी उचलेपर्यंत. कोणी काही बोलायचं नाही.

ऑगस्टात दिवस करून मी परत आलो, तर वाफा हिरवागार. मला काहीच वाटलं नाही. बरं नाही, वाईटही नाही. अजून तेच लोक पाणी घालतायत.

तू एकदाच म्हणालीस, "आता तिथे कशाला राहता? या." मी 'बघतो' म्हटलं नि फोन ठेवला. तुला वाटलं असेल, दगड आहे हा माणूस. खरं सांगू? आपला पोरगा गेला हे मला गावातच खरं वाटतं. इथे असलो की वाटतं तो तिकडे मोटरसायकल घेऊन उंडारतोय, तू ओरडतेयस. जन्मल्यापासून मी त्याला इथूनच पाहिला ना. घरी आलो की तेवढंही जाईल. म्हणून टाळत राहिलो, तुला एकटीला त्यात टाकून. फार वाईट केलं.

आज सकाळी केयूर झारी घेऊन आला. म्हणाला, "काका, मी नसताना दुसरा कोणी घालेल, काळजी नको." मी त्याच्या हातून झारी घेतली आणि पाणी घातलं. म्हटलं, खलास, आता हा वाफा तुझा. मग ऑफिसात जाऊन राजीनामा दिला. महिनाभरात सुटेन, इन्शाल्ला.

पोराचे कपडे अजून कोणाला देऊ नकोस. मी आलो की दोघं मिळून घड्या घालू.

तुझा,
सागरचा बाबा