चौसष्टाव्या पानावरची ओळ

बुकित बातोक, सिंगापूर
१२ मार्च २००६

तीर्थरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला धड ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले तर अख्ख्या मजल्याला आपल्या घरच्या बातम्या कळतात, म्हणून पत्र. इकडे सगळे मजेत. निशिकांत हल्ली स्वतःच्या हाताने डबा भरतात, हे आईला मुद्दाम सांगा.

क्षिप्राला शाळेत अ‍ॅझ्टेक लोकांवर प्रोजेक्ट आहे. मग काय, मी कपाटातून तुमचं ‘सरोवरातलं साम्राज्य’ काढलं. क्षिप्राला म्हटलं, तुझ्या आजोबांनी १९६७ सालीच यावर पुस्तक लिहिलंय! माझ्या ऑफिसातली मारिसोल मेक्सिकोची, आमच्याच ब्लॉकमध्ये राहते. तिच्या सासूबाई, फेलिपाआजी, तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांची मायबोली नाहुआत्ल, म्हणजे अ‍ॅझ्टेकांचीच भाषा. रविवारी दोघींना पोहे खायला बोलावलं आणि पुस्तक वाचून दाखवलं. मी मराठीचं इंग्रजी करायचं, मारिसोलने इंग्रजीचं स्पॅनिश. तुमचं ते पाण्यातलं शहर, तरंगते मळे, मग स्पॅनिश शिपाई, देवीची साथ, वेढा, सगळं आजींनी हात मांडीवर ठेवून ऐकलं. शेवटचं पान ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तुमच्यासाठी स्वतः भरलेलं एक कापड आणि पत्र दिलंय. निशिकांतचे मित्र संजीव पुण्याला जातायत, ते तिथून कुरियर करतील.

बाकी क्षेम. आईस नमस्कार. माया आहेच, ती अशीच असू द्या.

आपली,
नीलिमा

•

धुळे
२६ मार्च २००६

चि. सौ. नीलिमा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कापड काल पोचलं. लाल दोऱ्याने भरलेले पक्षी आहेत. तुझ्या आईने ते टीव्हीवर घातलं आणि मला टीव्ही लावायची बंदी केली. निशिकांतच्या डब्यावर मात्र तिचा विश्वास बसलेला नाही.

पत्र वर नाहुआत्लमध्ये आणि खाली, आजींनी स्पॅनिशमध्ये अर्थ सांगितला तसं, मारिसोलच्या इंग्रजीत आहे. आजी लिहितात की, लहानपणी शाळेत आपली भाषा बोलल्या म्हणून मास्तरांनी त्यांना वेताने मारलं. ही भाषाच नव्हे, असं त्यांना शिकवलं. आणि पुढे लिहितात की, गुरुजी, तुम्ही इतक्या लांब बसून, चाळीस वर्षांपूर्वी लिहिलंत की आमची माणसं अजून आहेत, आमची भाषा अजून बोलली जाते. आमच्या मास्तरांना जे ठाऊक नव्हतं ते तुम्हांला होतं. देव तुमचं भलं करो.

नीलिमा, हे मी कुठं लिहिलं? माझ्याकडच्या प्रती वाळवीने खाल्ल्या, उरली ती तुझ्याकडची एकच. पण शेवटची ओळ मला तोंडपाठ आहे. ‘त्या क्रूर लोकांबरोबर त्यांची भाषाही लयाला गेली, आज पृथ्वीच्या पाठीवर ती बोलणारा एकही माणूस उरलेला नाही.’ शिक्षणाधिकाऱ्यांनी याच वाक्याला दाद दिली होती, आणि मी ते वर्गावर्गांत वाचून दाखवत असे.

तू नेमकं काय वाचलंस ते कळव. बाकी इकडे ऊन मी म्हणतंय. मुलीला आशीर्वाद.

तुझा,
नाना

•

बुकित बातोक
५ एप्रिल २००६

तीर्थरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बरोबर पकडलंत. मी खोटं वाचलं.

पान उलटलं तर समोर ती ओळ, आणि ओळीच्या समोर पोह्यांची बशी हातात धरून बसलेल्या फेलिपाआजी. ‘एकही माणूस उरलेला नाही’ हे मी त्या माणसाच्या तोंडावर कसं वाचू? ‘क्रूर’ आणि ‘रानटी’ मी आधीपासूनच गाळत आले होते. त्या पानावर मी मान खाली घालून सांगून टाकलं की, ही माणसं अजून आहेत आणि आपली भाषा बोलतात. ते खरं होतं, फक्त तुम्ही लिहिलेलं नव्हतं.

आजींना वाईट वाटू नये म्हणून हे केलं, असं मी आठवडाभर स्वतःला समजावलं. तसं नाही, नाना. मला तुमची लाज वाटली. ज्या पुस्तकाचा टेंभा मिरवत मी दोघींना घरी बोलावलं, ते त्यांना कळू नये असं वाटलं. मग आजींनी माझे दोन्ही हात धरून मुके घेतले, तेव्हा मला माझीच जास्त लाज वाटली. खोटं पकडायला तिथे कोणी नव्हतं. क्षिप्रा मांडीला मांडी लावून बसली होती, पण तिला मराठी वाचता येत नाही. मीच कधी शिकवलं नाही. त्या दिवशी तेही माझ्या पथ्यावर पडलं.

आजी तीस तारखेला परत जातायत. तुम्ही आभाराच्या दोन ओळी पाठवा आणि हे इथेच मिटवू या. त्या सुखाने जातील. एवढं ऐका माझं.

रागावा, पण पत्र लिहायचं थांबू नका.

आपली,
नीलिमा

•

धुळे
१६ एप्रिल २००६

चि. सौ. नीलिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस तुझ्या आईलाही दाखवलं नाही. तुला माझी लाज वाटली हे सरळ लिहिलंस, बरं केलंस.

ते पुस्तक मी वाचनालयातल्या एकाच इंग्रजी पुस्तकावरून लिहिलं, आणि ते जिंकणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेलं होतं. ‘एकही माणूस नाही’ हे मी कुणाला विचारलं होतं? कुणालाच नाही. वाक्याला शेवट झोकदार हवा होता, म्हणून मी लाखो माणसं पुसून टाकली.

पण हे एकवेळ अज्ञान म्हणता येईल. आजींच्या पत्रातला वेत मला सोडत नाही. १९५९ साली माझी पहिली नेमणूक धडगावला होती, हे तुला माहीत आहे. तिथे जेमली नावाची एक पावरा आदिवासी मुलगी होती, दहाएक वर्षांची, हिशेबात सगळ्यांत हुशार. वर्गात आपली घरची पावरी बोलली म्हणून मी तिला दुपारभर अंगणात उन्हात उभी केली. ही भाषा नाही, असं सांगितलं. शब्दशः हेच. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नंतरही आली नाही. मी पटावरचं तिचं नाव कापलं आणि विसरलो. आजींचे आभार चुकीच्या मास्तरांना पोचलेत. मी त्यांच्याच मास्तरांचा भाऊबंद.

सोबत आजींसाठी पत्र आहे. त्यात हे सगळं लिहिलंय. त्या जायच्या आधी वाचून दाखव, आणि या वेळी एक शब्दही गाळू नकोस. ते शेवटचं, चौसष्टावं पान उघडून त्यांच्या हातात दे. कापड परत मागितलं तर लगेच पाठवीन.

हे तुला जड जाईल, ठाऊक आहे. तरी कर.

तुझा,
नाना

•

बुकित बातोक
२८ एप्रिल २००६

तीर्थरूप नानांस,
शि. सा. न. वि. वि.

काल वाचलं. एक शब्द गाळला नाही. मारिसोल मध्येच थांबली आणि हे खरंच सासूबाईंना सांगू का, असं तिने मला विचारलं. मी सांग म्हटलं. आधी खोटं मी बोलले होते, तेही सांगितलं.

आजींनी शेवटपर्यंत ऐकलं. जेमलीचं नाव त्यांनी पुन्हा विचारून घेतलं आणि दोनदा म्हणून पाहिलं. ती आज कुठे असते, असं विचारलं. मग ती ओळ कोणती, ते विचारलं. मी बोट ठेवलं. शिवण तपासावी तसं त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, ओळ खोडून टाकते. त्यांनी नको म्हणून सांगितलं, ती राहू दे. पेन मागितलं आणि त्याच ओळीखाली रोमन अक्षरांत, हळूहळू, आपल्या भाषेत चार ओळी लिहिल्या.

अर्थ मारिसोललाही कळेना. तिच्या नवऱ्यालाही नाहुआत्ल येत नाही. मार खाल्लेल्या आजींनी आपल्या मुलाला ती शिकवलीच नाही, आणि हे सांगताना मान खाली घालायची पाळी त्यांची होती. मी अर्थासाठी खूप गळ घातली. त्या उठल्या, पदराशी चाळा करावा तशी शाल सारखी केली, आणि म्हणाल्या की, गुरुजींच्या पुस्तकात ही भाषा बोलणारं कोणी उरलेलं नाही. तेव्हा त्यांनी असा एक माणूस स्वतः शोधावा आणि त्याला विचारावं.

कापड आईकडेच राहू द्या, असं त्यांनी सांगितलंय. पुस्तक रजिस्टर्ड पोस्टाने पाठवतेय.

मला तुमची लाज वाटली होती, हे मी खोडत नाही. पण काल तुमचं पत्र वाचताना आवाज एकदाही खाली गेला नाही.

आपली,
नीलिमा

•

धुळे
१४ मे २००६

चि. सौ. नीलिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. आजींच्या चार ओळी रोज बघतो. एक अक्षर कळत नाही. पावरी ऐकताना जेमलीच्या मास्तरालाही असंच व्हायचं, फक्त तेव्हा दोष त्याने मुलीला दिला.

मेक्सिकोचा माणूस शोधीनच. शेजारच्या प्रतापच्या मुलाने कॉम्प्युटरवरून शोधून द्यायचं कबूल केलंय. पण त्याआधी मला दुसरीकडे विचारायचं आहे. उद्या सकाळच्या एसटीने धडगावला निघतो. जेमली असलीच तर सत्तावन्नची असेल. तुझी आई या उन्हात जाऊ नका म्हणते, आणि बोलता बोलता पिशवीत पाण्याची बाटली घालते आहे.

काय बोलायचं ते मात्र सुचलेलं नाही. माफी मराठीत मागायची नाही, एवढं ठरवलंय. आणि पावरीतलं मला एकच वाक्य येतं, गप्प बस.

माझी वाटलेली लाज इतक्यात विसरू नकोस. लोभही राहू दे.

तुझा,
नाना