सहा फूट रुंदीचा गालिचा

९ जून, सोमवार

गालिचा जिन्यातून वर येईना! टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, कापा की मधून." कापा! नाशिकच्या तळघरातल्या, रिमोटच्या गाड्यांच्या ट्रॅकचा हा करडा गालिचा. ट्रॅक बंद झाला तेव्हा सगळ्यांनी मिळून मला दिला. तीन गुंडाळ्या, प्रत्येक सहा फूट रुंद. शेवटी दोरी लावून बाल्कनीतून आत घेतल्या. आता बाल्कनीत गालिचा राहतो, आम्ही नाही.

दिनानाथ म्हणाला, "कपडे कुठे वाळत घालायचे?"

मी म्हणाले, "नवरोजी, बदली तुझी झाली. कपडे तुझ्या कंपनीत वाळव."

गावाचं नाव अष्टमी. पुलापलीकडे रोहा. गॅलरीतून कुंडलिका नदी दिसते म्हणे. मला गालिचा दिसतो.

१५ जून, रविवार

रविवार, आणि रेस नाही.

गाडी खोक्यातून काढली. पुसली. चाकं फिरवून पाहिली. परत ठेवली.

लोकांना वाटतं हे खेळणं आहे. पन्नाशीची बाई, रिमोटची गाडी! मी कोणाला समजावत बसत नाही. पंचवीस वर्षं मी बोलते आहे. वर्गात, सभेत, मोर्चात, श्रद्धांजलीला, उद्घाटनाला. माइक नसला तरी बोलते. फक्त त्या तळघरात, रविवारी, पाच मिनिटं माझं तोंड बंद असायचं. हातभर गाडी, पुढचं वळण, बास. डोक्यातसुद्धा कोणी बोलत नसे. आठवड्यातली तेवढीच पाच मिनिटं मला माणसात ठेवत होती. हे खोटं वाटेल, पण इथे कोण वाचतंय!

२९ जून, रविवार

शाळेचा हॉल मिळाला. अट अशी – "मॅडम, आधी आमच्या मुलांसमोर दोन शब्द बोला." चाळीस मिनिटं बोलले. मुलं हलली नाहीत. मुख्याध्यापकांनी नारळ दिला.

मग हॉल उघडला. शहाबादी फरशी, आणि प्रत्येक सांधा म्हणजे चर! माझी गाडी जमिनीपासून पाच मिलिमीटर उंच. तिसऱ्या सांध्याला उडाली, खांबाला धडकली. पुढच्या चाकाचा दांडा तुटला. घरी येऊन नवा बसवला.

शिपाई म्हणाला, "बाहेर ग्राउंडवर चालवा ना." चिखलात!

बोलायला सगळे बोलावतात. गप्प बसायला जागा कोणी देत नाही.

१३ जुलै, रविवार

पेणला व्याख्यान. विषय – सण आणि पाणी. हॉल भरलेला, मागे माणसं उभी. दहा वर्षं वाचलेलं सगळं जिभेवर आलं. प्लॅस्टरच्या मूर्तीचं पाण्यात काय होतं, तळ्यांच्या तळाशी काय साठतं, मासा कुठे जातो. शेवटी म्हणाले – या वर्षी प्लॅस्टरची मूर्ती घरात आणू नका. पुढच्या वर्षी नव्हे. या वर्षी! आणि तेही पेणमध्ये उभं राहून म्हणाले, जिथल्या मूर्ती जगभर जातात. भ्यायचं कशाला?

टाळ्या थांबेनात. कोणीतरी मोबाईलवर सगळ्याचा व्हिडिओ घेतला.

मागच्या रांगेत एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस हाताची घडी घालून बसला होता. टाळी नाही, हालचाल नाही. निघताना दाराशी जवळून पाहिला. नखांत पांढरं साचलेलं.

बसमध्ये बसले आणि सगळं ओसरलं. नेहमीचंच. लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात, जेवतात. उद्या एकही माणूस काहीही बदलणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

एक सापडला! सुशील. दिनानाथच्या कंपनीत ऑपरेटर, मूळचा पेणजवळच्या हमरापूरचा, आता अष्टमीत भाड्याने. गच्चीवर गाडी चालवतो. मालक ओरडतात, पाणी गळतं म्हणून. गाडी बरी आहे, हात उतावळा आहे.

"म्याडम, तुमी नॅशनल खेळलाव?"

"एकदा. नववी आले."

"किती जणांत?"

"अकरा."

हसला. मीही. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पण दोघांची रेस म्हणजे नुसतं भांडण. तिसरा हवा. आणि फरशी हवी.

२४ ऑगस्ट

सुशीलची नाइट शिफ्ट. काही नाही.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. सुशील सकाळीच आला, पायांत चप्पल वेगवेगळी.

"म्याडम, आपण येडे हाव! आमच्या हमरापूरला गणपती गेले की शेडी रिकाम्या. दिवाळीनंतर पुढच्या वर्षाचा काम सुरू होतो, तोवर झाडून ठेवलेल्या असतात. गुणाजीकाकांची सगळ्यात मोठी. कोबा घोटलेला, आरशासारखा. त्यावर तुमचा गालिचा टाकला की झाला ट्रॅक."

सहा आठवडे! रात्री जेवताना मी दिनानाथला ट्रॅकची आखणी भाताच्या ढिगात काढून दाखवली. तो म्हणाला, "आमटी कुठल्या वळणावर ओतू?"

१४ सप्टेंबर, रविवार

गुणाजी म्हणजे तोच. पेणच्या व्याख्यानातला, मागच्या रांगेतला.

घराच्या ओट्यावर बसले होते. शेड घरामागे, शटर बंद. ओट्यावरच त्यांची बहीण मालूताई नवरात्रासाठी देवीचे डोळे आखत होती. साठीच्या पुढची बाई. श्वास धरून एक रेघ, मग श्वास सोडायचा, मग दुसरी. पंचक्रोशीत डोळे हिच्याकडूनच आखून घेतात, असं सुशील म्हणाला.

मी सरळ विचारलं. गोल गोल बोलणं मला येत नाही.

गुणाजी म्हणाले, "भाषण ऐकला तुमचा. चांगला बोलता."

"शेडचं काय?"

"शेड रिकामी नाय, बाई."

बस्स. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. चहा आला. चहा कमालीचा गोड होता.

सुशीलने ओट्यासमोरच्या अंगणात, शेणाने सारवलेल्या चौकोनावर, आपली गाडी फिरवून दाखवली. मालूताई हात पुसून उठली. "बघू गो." रिमोट घेतला. दोन मिनिटं गाडी इकडे-तिकडे नेली, मग तुळशीभोवती फिरवली. एकदा, पाचदा, दहादा. तेच अंतर, तोच वेग, वृंदावनाला बोटभर सोडून. मी बारा वर्षं चालवते आहे. असा हात पाहिलेला नाही.

"झाला. डोळ्यासारखाच हाय," असं म्हणून परत देवीकडे गेली.

तिसरा खेळाडू सापडला. आणि फरशी नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

"रिकामी नाय"! गणपतीनंतर? सूड आहे हा. सभ्य, गोड चहाचा सूड.

मी काय चुकीचं बोलले? पुरावा दिला, आकडे दिले. माणसाचं पोट त्यावर आहे हे मला माहीत नाही का? पण पोट आहे म्हणून पाणी मरू द्यायचं? आज विचारलं तरी तेच बोलेन. पेणला, हमरापूरला, गुणाजींच्या ओट्यावर उभी राहून.

हे लिहिताना पेन पानातून आरपार गेलं.

१८ सप्टेंबर

गुणाजींना पत्र लिहिलं. चार पानं. उत्तम पत्र. फाडलं.

२१ सप्टेंबर, रविवार

अद्वयचा फोन, नाशिकहून. ट्रॅकवरचा आमचा सगळ्यात तरुण गडी, आता नवा ट्रॅक उभा करतोय. "ताई, गाडी तिथे पडून सडण्यापेक्षा मला द्या. बॅटरीचे सेलसुद्धा फुगतील."

म्हणाले, बघते.

सेल फुगले आहेत. एक काल फेकला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

दिनानाथने स्कूटरला, मिक्सरला झेंडू वाहिले आणि न विचारता माझ्या गाडीलाही एक. मी म्हणाले, "चालत्या हत्याराची पूजा करतात. ही गेलेली आहे."

त्याने फूल तसंच ठेवलं.

कॉलेजात तासिका तत्त्वावर आठवड्याला सहा तास. गावात तीन सत्कार, दोन परिसंवाद. माझा आवाज कधी नव्हता इतका खुला लागतो आहे. आणि मला स्वतःचाच आवाज सकाळपासून नकोसा होतो. हे कोणाला सांगायचं? सांगायला परत बोलावंच लागणार.

५ ऑक्टोबर, रविवार

परत गेले. शेवटचं म्हणून.

"गुणाजी, मी मत मागे घेणार नाही. पण शेड भाड्याने मागते आहे, मत नाही."

"मी कुठे सांगितला मागे घ्या म्हणून?"

"मग?"

"शेड रिकामी नाय, बाई."

माझा तोल गेला. उभी राहिले आणि सभेतल्या आवाजात म्हणाले, "गणपती होऊन महिना झाला! सगळ्या गावाच्या शेडी रिकाम्या, तुमचीच एकटी कशी भरलेली?"

ब्रश धुणारी मालूताई थांबली. समोरच्या ओट्यावरचे दोघे वळून बघायला लागले. रस्त्यातला सायकलवाला पाय टेकून उभा राहिला. सुशील खाली जमिनीकडे बघत होता. गुणाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. राग म्हणावं तर राग नव्हता.

त्यांनी विचारलं, "तो तुमचा गालिचा रुंदीला केवढा?"

"सहा फूट."

"हं."

आणि आत निघून गेले! जागा द्यायची नाही आणि माप विचारायचं! थट्टा करायलाही काही मर्यादा असते.

येताना सुशील पेणच्या रामवाडीपर्यंत बाहेरच बघत बसला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "तसा विचारायला नको होता, म्याडम." कसं विचारायचं मग? ते सांगेना.

६ ऑक्टोबर, सोमवार

अद्वयला कळवलं. एकोणीस तारखेला गाडी घेऊन येतो म्हणाला.

"ताई, गालिचापण?"

"गालिचापण."

दिनानाथ स्वयंपाकघरात होता. भांड्याचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

संपलं. इतकं सोपं होतं तर जूनमध्येच करायला हवं होतं.

७ ऑक्टोबर

मोटर सोडवून वेगळी गुंडाळली. चाकं वेगळी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मालूताईचा फोन. नंबर सुशीलने दिला असणार.

"रविवारी ये गो. गालिचा घेऊन ये."

"कशाला, मालूताई?"

"ये तू."

"गुणाजी?"

"तो काय मुंबयला चाललाय? इथंच हाय."

नव्या कामाखाली अंथरायला हवा असेल. देऊन टाकते. अद्वयला सांगेन, गालिचा नाही. माझ्या हाताने कोणाच्या तरी उपयोगी पडू दे एकदाचा. दिनानाथ मात्र म्हणतो, गाडी परत जोड. त्याने मोटरचा डबाच माझ्यासमोर टेबलावर आणून ठेवला. हट्टी माणूस. जोडली. सेल सुशीलचा घेईन.

१२ ऑक्टोबर, रविवार

शेड रिकामी नव्हती.

शटर वर गेलं आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गणपती. प्लॅस्टिकात गुंडाळलेले, डोळे आखलेले, विकले न गेलेले. माल उरला हे इथे कोणी तोंडाने सांगत नाही, पुढच्या वर्षीची गिऱ्हाइकं फिरतात म्हणून. आणि मी ते भर रस्त्यात ओरडून विचारलं.

मालूताई हळूच म्हणाली, "मुंबयच्या गिऱ्हाइकांनी मोबाईलवर तुझा भाषण बघितला गो. धडाधड मूर्ती नको बोलले."

रांगांमधून नागमोडी वाट काढलेली. भावाबहिणीने आठवडाभर एकेक मूर्ती सरकवून. चार वळणं. माझ्या तिन्ही पट्ट्या बरोबर बसल्या – कुठेही दुमडावं लागलं नाही.

गुणाजी शटरपाशी उभे. "धक्का लावू नका, बाई. अजून माघी गणपती हाय, तवा जातील."

मी, सुशील, आणि सुशीलच्या जुन्या गाडीवर मालूताई. पाच मिनिटं. एकाही मूर्तीला धक्का नाही.

लोक ऐकत नाहीत म्हणून पंचवीस वर्षं ओरडले. या वर्षी ऐकलं.